प्रॅक्टिसला येणाऱ्या पोरापोरींच्या डोक्यावर हेल्मेट कसं आणायचं

प्रॅक्टिस सुटल्यावर ग्राऊंडच्या गेटवर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. आत दीड तास जी पोरं नडगीला शिनगार्ड, अँकलला टेप, कीपर असेल तर ग्लोव्हज, सगळं चोख घालून खेळत होती, तीच पोरं बाहेर येताना बूट हँडलला लटकवतात, बॅग पायात टाकतात, मागं एकाला नाहीतर दोघांना बसवतात आणि डोकं मोकळं. पाच ॲक्टिव्हा, एक ज्युपिटर, कुणाच्यातरी वडिलांची टीव्हीएस एक्सएल, बारा-तेरा डोकी आणि हेल्मेट एकच, तेही आरशाला अडकवलेलं.

मी कोल्हापुरात पेठेतल्या एका तालमीच्या टीमकडनं (आमच्याकडं तालमींच्या फुटबॉल टीम असतात) बरीच वर्षं फुटबॉल खेळलोय आणि आता सकाळी कॉलेजच्या पोरांची प्रॅक्टिस घेतो. गेल्या काही सीझनमध्ये हेल्मेटसाठी बरंच काय काय करून बघितलं, त्यातलं काही चाललं, बरंच फसलं, ते सगळं एकदा लिहून काढावं म्हटलं, म्हणजे बाकीच्या टीमचे कॅप्टन, स्पोर्ट्सचे सर, तालमीतले वस्ताद यांना सुरुवातीपासनं डोकं फोडायला नको. फुटबॉलचं उदाहरण जास्त येईल, पण कबड्डी, कुस्ती, क्रिकेट, ॲथलेटिक्स सगळीकडं गोष्ट तीच आहे.

आधी पोरगं नाही का म्हणतंय ते ऐका

आपण पहिल्यांदा चुकतो ते इथंच. आपल्याला वाटतं की पोरांना धोका माहीत नाही, म्हणून आपण भाषण देतो, अपघाताचे व्हिडिओ दाखवतो, पोरं दोन मिनिटं गप्प बसतात आणि सुटल्यावर तशीच जातात. त्यांना धोका माहीत असतो. फक्त तो आपल्यासाठी नाही असं त्यांना मनापासनं वाटत असतं, आणि खेळणाऱ्या पोराला तसं वाटायला कारण पण असतंय. ज्यानं रोज धावून, पडून, उठून शरीर कमावलंय त्याचा शरीरावर विश्वास असणारच. "सर, माझा बॅलन्स बघितलाय का, मी नाही पडत," हे मी किती जणांकडनं ऐकलंय. त्याला खोटं ठरवायला जाऊ नका, कारण त्याचा बॅलन्स खरंच चांगला असतो, रिफ्लेक्स पण चांगले असतात. त्याला एवढंच विचारा की रिफ्लेक्स कशाला चालतात? जे दिसतं त्याला. मागनं आलेल्या टेंपोला, वळणावरच्या वाळूला, अंधारात लाईट न लावता उभ्या असलेल्या ट्रॉलीला रिफ्लेक्स काय करणार.

मग आकडा सांगा. पोरांना आकडा आवडतो, पण तो त्यांच्या शरीराचा पाहिजे. स्कूटरवर बसल्यावर डोकं जमिनीपासनं साधारण दीड मीटरवर असतं. तिथनं ते नुसतं खाली आलं, म्हणजे गाडी उभी असताना जरी आडवी झाली, तरी रस्त्यावर आपटताना डोक्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. हा गाडीचा वेग नाही, नुसत्या पडण्याचा आहे. आणि ताशी ४० नं जाताना डोकं थेट डिव्हायडरवर नाहीतर खांबावर गेलं तर ते सहा मीटर वरनं, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरनं पडल्यासारखं आहे. हे गणित मी ग्राऊंडवर बॉल हातातनं सोडून दाखवतो आणि मग विचारतो की दुसऱ्या मजल्यावरनं कोण उडी मारतंय का, डोक्यावर.

कुस्तीतली पोरं मान दाखवतात. मान खरंच दणकट असते त्यांची, आणि आम्हा फुटबॉलवाल्यांना पण वाटतं की हेडर मारून मारून डोकं घट्ट झालंय. पण हेडर मारताना आपण बॉल बघत असतो, मान आवळलेली असते, दात आवळलेले असतात. रस्त्यावर पडताना मान सैल असते कारण पडणार आहे हेच माहीत नसतं. आणि मार फक्त कवटीला लागत नाही, कवटी थांबते पण आतला मेंदू थांबत नाही, तो पुढं जाऊन आपटतो, पिळवटतो. कितीबी जोर-बैठका मारा, मेंदूला स्नायू येत नाहीत. हे वाक्य एका वस्तादांनी त्यांच्या पोरांना सांगितलं आणि माझ्या दहा भाषणांपेक्षा जास्त लागलं, कारण ते वस्ताद होते.

"मला पडायचं कसं ते माहितीय," हे कीपर आणि पैलवान म्हणतात. हौद्यातल्या मातीवर आणि गवतावर माहितीय, डांबरावर नाही. शिवाय दोन्ही हात हँडलला असतात.

दुसरं म्हणजे "हितंच तर जायचंय". राजारामपुरीतनं युनिव्हर्सिटीचं ग्राऊंड, पेठेतनं शाहू स्टेडियम, तालमीतनं गंगावेशला दूध प्यायला, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. एवढ्याला काय हेल्मेट. त्यांना त्यांच्याच आठवड्याचा हिशोब करायला लावा, सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस, कॉलेज, क्लास, जिम, नाष्टा, असल्या हितल्या हितल्या फेऱ्या मिळूनच तर पोरगं सगळी गाडी चालवतं, लांब जातंय कुठं? म्हणजे लांब जाताना हेल्मेट घालणारा पोरगा खरं तर जवळजवळ कधीच घालत नाही.

"ही काय बाईक हाय काय, मोपेड हाय" असंही असतं. घरात लुना नाहीतर एम-८० बघत मोठी झालेली पोरं आहेत, मोपेड म्हणजे दुधाचे कॅन आणि भाजीची पिशवी न्यायची गाडी असंच डोक्यात असतं, तिच्यावर हेल्मेट घातलं की त्यांना लाजल्यासारखं होतं. कायदा असा फरक करत नाही आणि डांबर तर त्याहून करत नाही.

आणि सगळ्यात मोठं कारण कुणी तोंडानं सांगत नाही. टीममध्ये कोणच घालत नाही. पहिल्या वर्षाला आलेला पोरगा घरनं आईनं दिलेलं हेल्मेट घालून येतो, पहिल्या आठवड्यात कुणीतरी "काय रे, फटाकडी उडवायला चाललाईस काय" म्हणतं, तिसऱ्या आठवड्यात त्याचं हेल्मेट डिकीत आणि महिन्यानं घरी. मैदानावर न भिणारा अशी ज्याची ओळख आहे त्याला रस्त्यावर भित्रा दिसायचं नसतं. वर शहरात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की मोठी माणसंच विरोधात बोलतात, ते पोरं ऐकत असतात.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं पण नाही. अमेरिकेत कॉलेजच्या कॅम्पसवर खेळाडू वर्गातनं ग्राऊंडला जायला स्कूटर-मोपेड वापरतात. त्यांच्या त्या धडकाधडकीच्या फुटबॉलमध्ये हेल्मेट १९३९ पासनं कंपल्सरी आहे, पट्टा ढिला असला तरी खेळू देत नाहीत, आणि तेच खेळाडू बाहेर येऊन मोपेडवर मोकळ्या डोक्यानं जाताना दिसतात. तिथं इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत तर मोटरसायकलला सुद्धा हेल्मेटचा कायदा नाही. म्हणजे ज्या माणसाला मैदानात हेल्मेटशिवाय आपण अर्धवट वाटतो त्यालाच रस्त्यावर ते ओझं वाटतं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण उपाय इथंच आहे. मैदानात त्याला हेल्मेट किंवा शिनगार्ड कुणी समजावून सांगत नाही. ते किट असतं. नसलं तर खेळ नाही.

आमच्यात काय झालं

आमच्या वेळी टीममध्ये एक लेफ्ट बॅक होता. नाव सांगत नाही, त्याच्या घरच्यांना परत तो विषय नको. त्याच्याइतका चपळ माणूस मी अजून बघितलेला नाही. हंगामाचे दिवस, कारखाने चालू, उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस, रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली चिरडून त्याची चिपाडं पसरलेली आणि त्यावर सकाळचं दव. प्रॅक्टिस सुटल्यावर फुलेवाडीकडं नाष्ट्याला निघालेलो, तो पुढं, आम्ही मागं. वेग काय तीसच्या आतला असेल. पुढचं चाक चिपाडावर गेलं आणि गाडी खालनं निघून गेली, एवढंच. हातापायाला खरचटलं सुद्धा नव्हतं नीट, फक्त डोकं फूटपाथच्या कडेला लागलं. तो उठून बसला आणि म्हणाला काय झालं नाही, चला. दहा मिनिटांनी उलट्या सुरू झाल्या, मग शुद्ध गेली.

तो वाचला. तीन आठवडे दवाखान्यात होता, सीझन गेला, पुढचा पण गेला. त्याला अजून वास येत नाही, कशाचाच नाही. डोक्याला मार लागल्यावर वासाची नस तुटते असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर ग्राऊंडचा जो वास येतो ना, तो त्याला येत नाही. हेडरला उडी मारायला घाबरायला लागला आणि मग खेळणं सोडलं. हेल्मेट होतं त्याच्याकडं. घरी.

हे मी पोरांना सांगतो तेव्हा आवाज न चढवता सांगतो आणि एकदाच सांगतो, सीझनच्या पहिल्या दिवशी. रोज सांगितलं की गोष्ट झिजते.

देशाचा आकडा पण एकदा सांगून ठेवावा. केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणं हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं त्या एका वर्षात अपघातात गेली, त्यात १४,३३७ जण मागं बसलेले होते. आणि वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की हेल्मेटनं मरण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा व्हायचा साधारण ६९ टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के कुणी म्हणत नाही, आपण पण म्हणू नका, पोरं लगेच पकडतात.

आता करायचं काय

पहिलं काम, स्वतः घाला. सर हेल्मेटशिवाय येणार आणि पोरांना सांगणार, हे एक दिवस पण चालत नाही. त्यानंतर अख्ख्या टीमला सांगू नका, टीममधले दोन-तीन जण निवडा. कॅप्टन, आणि जो सगळ्यात भारी खेळतो तो, आणि ज्याचे केस-कपडे सगळे कॉपी करतात तो. या तिघांशी वेगळं बसून चहा पीत बोला, त्यांना सांगा की ज्युनियर तुमच्याकडं बघतात. माझ्याकडं स्ट्रायकरनं घालायला सुरुवात केली आणि दोन आठवड्यांत चार ज्युनियरांची हेल्मेटं परत डिकीतनं बाहेर आली. मी काय वेगळं केलं नव्हतं.

दुसरं, त्याला किटमध्ये घाला, शब्दशः. किटची यादी असते ना, बूट, स्टॉकिंग, शिनगार्ड, पाण्याची बाटली, त्यात हेल्मेट लिहा. फुटबॉलच्या नियमातच आहे की शिनगार्डशिवाय रेफ्री खेळू देत नाही, क्रिकेटवाला एल गार्डशिवाय पॅड बांधत नाही, पैलवान लंगोटाशिवाय हौद्यात उतरत नाही, तसं गाडीवरनं येणार असशील तर हेल्मेट. चालत आलास, सायकलनं आलास, केएमटीच्या बसनं आलास तर प्रश्नच नाही. आम्ही वॉर्मअपच्या आधी सगळी हेल्मेटं टचलाईनला एका ओळीत ठेवतो, गाड्या किती, माणसं किती, हेल्मेटं किती, एका नजरेत कळतं. गाडीवरनं हेल्मेटशिवाय आला तर त्या दिवशी प्रॅक्टिस करू देतो पण मॅचला स्टार्टिंगमध्ये नाही. परत पाठवून दिलं की पोरगं त्याच मोकळ्या डोक्यानं गाडी चालवत घरी जातं, त्यात आपण काय मिळवलं?

पन्नास रुपये दंड करून बघितला होता, अजिबात चाललं नाही. ज्यांच्याकडं पैसे होते ते देऊन मोकळे व्हायचे आणि ज्यांच्याकडं नव्हते ते प्रॅक्टिसच बुडवायचे.

मागं बसणाऱ्याचं विसरू नका, वरचा आकडा बघितलाच आहे. खरी अडचण अशी की गाडीवाल्याकडं हेल्मेट एक असतं आणि रोज मागं कोण बसणार ते ठरलेलं नसतं. म्हणून ज्याच्याकडं गाडी नाही त्याच्याकडं पण हेल्मेट पाहिजे, तो कुणाच्याही मागं बसो. हे पटवायला वेळ लागतो, "गाडी नाही आणि हेल्मेट कशाला" म्हणून घरचे पण हसतात. टीमकडं दोन-तीन जादाची ठेवलेली असली की निभतं. आणि ट्रिपल सीट असेल तर हेल्मेटची चर्चाच नको, तिसऱ्याला आधी उतरवा.

पैशाचं असं की पोरांना बुटाला तीन-चार हजार जड वाटत नाहीत पण हेल्मेटला हजार जड वाटतात. आपल्याकडं मंडळांना, टीमला स्पॉन्सर मिळतात, टी-शर्ट देतात, ट्रॅकसूट देतात. यावेळी त्यांना सांगा की ट्रॅकसूट नको, पंधरा चांगली हेल्मेटं द्या, नाव पाहिजे तर त्यावर टाका. बहुतेक जण हो म्हणतात, त्यांना पण ते जास्त दिसणारं वाटतं. आणि हेल्मेटवर आपापल्या तालमीचा, कॉलेजचा रंग, नंबर असला ना की पोरं ते मिरवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त स्टिकर साधा व्हिनाईलचा लावा, ऑईलपेंट नाहीतर थिनर वापरून रंगवू नका, त्यानं वरचं कवच कमजोर होतं. पेट्रोलनं पुसायचं पण नाही, तेच कारण.

घेताना आणि घालताना

रस्त्याकडेला दोनशे-तीनशेला मिळतं ते हेल्मेट नसतं, टोपी असते. भारतात १ जून २०२१ पासनं टू व्हीलरसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला-विकायलाच बंदी आहे, स्टँडर्डचा नंबर आयएस ४१५१. मार्क खोटा पण चिकटवतात, म्हणून मार्कजवळ जो सीएम/एल नंबर असतो तो मोबाईलवर सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कंपनीचं नाव येतं. स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा असल्या कुठल्याबी कंपनीचं साधं मॉडेल बास झालं, वेगा तर आपल्या शेजारचं, बेळगावचं आहे. महाग हेल्मेटच्या मागं लागू नका, मापाच्या मागं लागा. क्रिकेटचं हेल्मेट, सायकलचं हेल्मेट, कामावरचं पिवळं हेल्मेट गाडीवर चालत नाही, त्यांची रचनाच वेगळ्या माराची असते.

माप घ्यायला शिंप्याची टेप, भुवईच्या वर बोटभर जागा सोडून डोक्याभोवती, मागं जिथं डोकं सगळ्यात बाहेर येतं तिथनं. ५७-५८ सेंटीमीटर आलं तर साधारण मीडियम, त्यावर ५८० लिहिलेलं असतं, ५९-६० आलं तर लार्ज, ६००. तरी घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. नवीन हेल्मेट गालाला थोडं दाबलं पाहिजे, बोलताना गाल चावल्यासारखं वाटलं तरी चालेल, ते महिन्याभरात बसतं. कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर मात्र ते तुमच्या डोक्याचं नाही. मग पट्टा लावून मान हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, वेगळं नाही. शेवटी पट्टा लावलेला असताना मागची कडा धरून पुढं ढकला. निघून आलं तर रस्त्यावर पण निघून येणार, दुसरं बघा.

पट्टा. यावर मी सगळ्यात जास्त ओरडतो. अर्धी पोरं पोलीस दिसला की डोक्यावर ठेवतात आणि बक्कल लावतच नाहीत. पट्टा नसला तर डोकं टेकायच्या आधी हेल्मेट पुढं दहा फुटांवर गेलेलं असतं. हनुवटीखाली एक नाहीतर फार तर दोन बोटं जातील एवढाच ढिला ठेवायचा. कायद्यात पण नुसतं घाला असं नाही, पट्ट्यानं नीट बांधा असं लिहिलंय.

आत जो थर्माकोलसारखा थर असतो तोच खरं काम करतो, मार लागला की तो दबतो आणि धक्का खातो, आणि तो एकदाच दबतो. म्हणून आरशाला हेल्मेट अडकवू नका, आरशाच्या टोकानं त्या थराला आतनं खळगा पडतो. त्यावर बसू नका. आणि आमच्या पोरांची एक सवय होती, हेल्मेटला किक मारायची, ती मी बंद केली.

पैलवानांचे कान. हा प्रश्न खरा आहे आणि हेल्मेट विकणाऱ्याला तो कळत नाही. कान मोडून घट्ट झालेले असतात, हेल्मेट ओढताना दुखतात, काढताना त्याहून दुखतात, म्हणून तालमीतली पोरं टाळतात. अशांनी कानापाशी खोलगट जागा असलेलं, गालाच्या गाद्या काढता येणारं मॉडेल बघावं, किंवा पुढनं हनुवटीचा भाग वर उचलता येतो ते. घालताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून धरायचे आणि मग डोकं आत घालायचं, कान दुमडत नाही. ते उचलता येणारं घेतलं तर चालवताना हनुवटी बंदच ठेवायची. आणि कान ताजा सुजलाय, रक्त साठलंय, तर डॉक्टरकडं जा आणि तेवढे दिवस मागं बसून पण जाऊ नका, चालत जा.

पोरींचं वेगळं. "सर मी घालतो की, पण वेणी कुठं घालू?" असं आमच्या कबड्डीतली एक पोरगी म्हणाली, आणि बरोबर होतं तिचं. वर बांधलेली पोनी किंवा अंबाडा असला की हेल्मेट वर तरंगतं. प्रॅक्टिसला पोनी लागतेच, त्यामुळं सुटल्यावर ती सोडून मानेपाशी खाली बांधायची, मगच हेल्मेट. कारण पटलं की पोरी पोरांपेक्षा लवकर सवय लावतात, हा माझा अनुभव.

घामाची तक्रार सगळ्यांची. ओल्या डोक्यावर घालायचंच नाही, बॅगेत एक जुना टॉवेल ठेवा, डोकं पुसा, पातळ सुती टोपी किंवा रुमाल बांधा आणि मग घाला. आतली गादी निघत असेल तर आठवड्यातनं एकदा शाम्पूनं धुवून सावलीत वाळवा. हेल्मेटनं टक्कल पडतं म्हणणारे भेटतील, टक्कल घराण्यातनं येतं, घाणेरड्या गादीनं फार तर खाज आणि कोंडा होतो आणि तो धुतल्यावर जातो. चोरीची भीती असेल तर सायकलची केबल लॉक सगळ्यांच्या पट्ट्यांतनं एकत्र ओवून पोलला लावा, आम्ही तेच करतो.

पावसात काच धुरकटते. आतनं भांड्याच्या साबणाचा एक थेंब पसरवून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, बराच वेळ टिकतं. आणि काळी काच घेऊ नका, संध्याकाळची प्रॅक्टिस सुटेपर्यंत अंधार झालेला असतो.

ज्यांची जास्त काळजी पाहिजे

गावाकडनं येणारी पोरं. राधानगरी रोड, गगनबावडा रोड, कागल, पन्हाळ्याकडनं पहाटे वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवत प्रॅक्टिसला येतात आणि हीच पोरं पुढं नाव काढतात, पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. यांना अर्धं हेल्मेट नको, हनुवटी झाकणारं पूर्णच पाहिजे. ऊस हंगामात साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च यांची प्रॅक्टिस अर्धा तास उशिरा ठेवता आली तर ठेवा, उजेड झाल्यावर निघतील. मागं लाईट नसलेली ट्रॉली अंधारात दिसतच नाही.

अकरावी-बारावीची पोरं. १६ ते १८ वयात मिळणारं लायसन फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं, ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. पोरगं पकडलं गेलं तर पालकांवर २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, हे पालकांच्या मीटिंगमध्ये स्पष्ट सांगा, घरात कुणालाच माहीत नसतं. आणि ताशी २५ च्या आत चालणाऱ्या छोट्या बॅटरीच्या स्कूटरला, मोटर २५० वॉटच्या आतली असेल तर, लायसन लागत नाही. म्हणून घरचे ती घेऊन देतात. कायद्यानं लागत नसलं तरी त्या पोराला हेल्मेट द्याच, दीड मीटरचं गणित तिथं पण तेच आहे. बाकीच्यांना, चालवणारा असो नाहीतर मागं बसलेला, मोटार वाहन कायद्याच्या १२९ कलमानं हेल्मेट लागतंच, आणि १९४-डी खाली १,००० रुपये दंडाबरोबर लायसन तीन महिने जाऊ शकतं. पोरं दंडाला भीत नाहीत, लायसन गेलं तर सीझनभर प्रॅक्टिसला कसं येणार याला भितात.

आणि मॅच जिंकल्यावर. यावर मी काय लिहू, आपल्या सगळ्यांनाच माहितीय. शाहू स्टेडियमवरनं झेंडे घेऊन, हॉर्न वाजवत, एका गाडीवर तिघं-चौघं. तो आनंद मी पण घेतलाय आणि कुणाचा काढून घ्यायचा नाही. पण वर्षभर हेल्मेट घालणारी पोरं त्या एका संध्याकाळी घालत नाहीत, आणि तेव्हा कुणाचं लक्ष रस्त्यावर नसतं. आम्ही आता ठरवलंय की मिरवणूक पायी, हलगीबरोबर, स्टेडियमपासनं तालमीपर्यंत. गाड्या नंतर येऊन न्यायच्या. दोनदा केली, पेठेतली माणसं दारात येऊन उभी राहिली, गाडीवरनं जाताना असं कधी झालं नव्हतं.

पडलाच तर

उठून "काय झालं नाही" म्हणणाऱ्या खेळाडूवर विश्वास ठेवू नका, खेळाडूला दुखणं लपवायची सवय असते. डोकं दुखतंय, उलटी होतेय, तेच तेच विचारतोय, झोप येतेय, डोळ्यांपुढं दोन दिसतंय, मागचं आठवत नाही, यातलं एक जरी असलं तरी सरळ दवाखाना, सीपीआर (आपलं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटल) नाहीतर जवळचा कुठलाबी, १०८ ला फोन. त्याला गाडी चालवू द्यायची नाही आणि दोघांच्या मध्ये बसवून पण न्यायचं नाही. बेशुद्ध असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला दुखापत असू शकते. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा, डोकं-मान हलू न देता दोन्ही बाजूंनी धरून ठेवा. श्वासच अडकत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी, एकानं मान खालनं धरून. अनोळखी माणूस असला तरी थांबा, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच आलंय.

हेल्मेट घातलेलं असलं तरी मेंदूला हिसका बसतो, त्यामुळं डोक्याला मार लागलेला पोरगा त्याच आठवड्यात मॅच खेळणार नाही, मग फायनल असो. पहिले एक-दोन दिवस आराम, मग चालणं, हलकं जॉगिंग, मग बॉलबरोबर एकट्यानं, मग टीमबरोबर, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि डोकं परत दुखायला लागलं की एक पायरी मागं. अंगावर धडकायची प्रॅक्टिस आणि हेडर डॉक्टरनी लिहून दिल्यावरच.

आणि ते पडलेलं हेल्मेट. वरनं एक ओरखडा पण दिसत नसला तरी आतला थर दबलेला असतो, त्याचं काम झालं. पोरं ते धाकट्या भावाला देतात, नाहीतर टीमच्या जादाच्या हेल्मेटांत आणून ठेवतात. तसं करू देऊ नका. आधी दोन्ही पट्टे कात्रीनं कापा आणि मगच भंगारात द्या, म्हणजे ते परत कुणाच्या डोक्यावर जायचं नाही.